संध्याकाळी पाच वाजता नाक्यावर उरलेली माणसे : मत्तय २०:१–१६ विषयी

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास होतो आणि तो चालवण्याची जबाबदारी काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. मागच्या गुरुवारी मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला होता. मळ्याचा धनी पहाटे बाहेर पडतो, दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर लावतो, पुन्हा नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि शेवटी पाच वाजता बाजारात जाऊन आणखी माणसे आणतो. संध्याकाळ झाल्यावर तो सर्वांना एकच दिनार देतो, आणि देताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करतो. मी हा दाखला जसा लहानपणापासून ऐकला होता, तसाच सांगितला: पहाटे आलेले म्हणजे बालपणापासून विश्वासात असलेले, पाचला आलेले म्हणजे म्हातारपणी पश्चात्ताप करणारे, आणि दिनार म्हणजे सार्वकालिक जीवन.

अभ्यास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरच्या एक आजी बोलल्या. त्यांचे आयुष्य तासगाव भागातील द्राक्षबागांमध्ये रोजाने काम करण्यात गेले आहे. त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत नाक्यावर कोण उरतं, ते कुणी सांगितलंच नाही." मग त्यांनी स्वतःच सांगितले. पहाटे मुकादमाचा टेम्पो येतो तेव्हा तो तरणी, चपळ माणसे आधी उचलतो. म्हातारा राहतो, हात अधू असलेला राहतो, अंगावर पिणारे मूल असलेली बाई राहते, आणि ज्याला कोणी ओळखत नाही असा परगावचा माणूस राहतो. त्यांना काम नको असते म्हणून ते राहत नाहीत. घरी जाऊन काय सांगायचे हे सुचत नाही, म्हणून ते तिथेच थांबतात.

घरी आल्यावर मी तो उतारा पुन्हा वाचला. सहाव्या वचनात धनी विचारतो, "तुम्ही दिवसभर येथे रिकामे का उभे आहात?" मी हा प्रश्न इतकी वर्षे रागावल्याच्या स्वरात वाचत आलो होतो. मूळ ग्रीक शब्द 'आर्गोस' आहे आणि त्याची फोड 'काम नसलेला' अशी होते. तो शब्द आळशी माणसासाठीही वापरला जातो, परंतु येथे त्याचा अर्थ कोणता घ्यायचा हे पुढचेच वचन ठरवते: "कारण आम्हांला कोणी कामाला लावले नाही." धनी या उत्तरावर शंका घेत नाही, उलटतपासणी करत नाही; "तुम्हीही मळ्यात जा," एवढेच म्हणतो. आपल्या प्रवचनांत मात्र या माणसांना 'उशिरा जागे झालेले' असे म्हटले जाते. उताऱ्यात ती उशिरा जागी झालेली नाहीत. ती दिवसभर उभी होती.

दुसरी गोष्ट मजुरीची. दिनार हे रोमी चांदीचे नाणे होते आणि साधारणपणे एका दिवसाच्या मजुरीइतके धरले जाई. ही काही मोठी रक्कम नव्हती. इसवी सन १४ मध्ये पॅनोनियातील रोमी सैनिकांनी बंड केले, तेव्हा आपला रोज वाढवून एक दिनार करावा ही त्यांची एक मागणी असल्याचे रोमी इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात दुष्काळाचे जे चित्र आहे, त्यात एका दिनाराला एका माणसाच्या एका दिवसाच्या पोटापुरते गहू मिळतात. म्हणजे बऱ्या दिवसांत दिनारावर एक घर एक दिवस कसेबसे चालेल. त्याचा बारावा हिस्सा हातात घेऊन घरी गेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटत नाही. जुन्या करारातील लेवीय (१९:१३) आणि अनुवाद (२४:१५) या पुस्तकांत मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यावी अशी आज्ञा आहे, आणि तिचे कारण अनुवादात उघड सांगितले आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो. दाखल्यातील धनी संध्याकाळी कारभाऱ्याला बोलावतो, तो ही आज्ञा पाळण्यासाठीच. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही प्रार्थना याच शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे. मी ती दिवसातून दोनदा म्हणतो, आणि तरीही दिनार म्हणजे भाकर हे मला कधी दिसले नव्हते.

यात माझा स्वतःचा एक दोष आहे आणि तो लपवून ही चर्चा करणे मला योग्य वाटत नाही. आमची दोन एकर बाग आहे. मागच्या हंगामात घडांच्या विरळणीच्या वेळी एक बाई एसटी चुकल्यामुळे अकरा वाजता पोहोचल्या. मी त्यांची अर्धी हजेरी लावली. हिशेबाने ते बरोबरच होते, आणि दाखल्यातील पहाटेच्या मजुरांनाही नेमके असेच वाटले असते.

माझे म्हणणे असे आहे की या दाखल्यात कृपा आणि मजुरी वेगळ्या काढता येत नाहीत. चौथ्या वचनात धनी 'जे योग्य असेल ते देईन' म्हणतो. तेथे 'दिकाइओन' म्हणजे न्याय्य हा शब्द आहे. पंधराव्या वचनात तो स्वतःला 'आगाथोस' म्हणजे चांगला म्हणवतो. दिवस न्याय्यपणाने सुरू होतो आणि चांगुलपणावर संपतो, आणि चांगुलपणाने न्याय कोठेही मोडला जात नाही, कारण पहिल्यांना ठरलेले पूर्ण मिळाले आहे. जाणकारांनी यावर लिहावे, ही विनंती. मला चुकीचे ठरवले तरी चालेल.

अजिंक्यतारा (सातारा)

कृष्णाकाठ यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे आणि त्या आजींचा प्रश्न मनाला लागला. तरीही जुन्या अर्थाच्या बाजूने काही मांडणे मला आवश्यक वाटते, कारण तो अर्थ आळसाने किंवा गरिबांकडे पाठ फिरवून तयार झालेला नाही.

मंडळीच्या जुन्या आचार्यांपैकी तिसऱ्या शतकात ओरिजेनने आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या महान ग्रेगरीने या पाच वेळांचे दोन अर्थ शेजारी ठेवले. एक जगाच्या इतिहासाचा: आदामापासून नोहापर्यंत, नोहापासून अब्राहामापर्यंत, तेथून मोशेपर्यंत, मोशेपासून ख्रिस्तापर्यंत आणि ख्रिस्तापासून शेवटापर्यंत. दुसरा माणसाच्या वयाचा: बालपण, तारुण्य, ऐन उमेद, उतरते वय आणि म्हातारपण. ऑगस्टीनने आपल्या एका प्रवचनात दिनार म्हणजे सार्वकालिक जीवन असे म्हटले, ते एका विशिष्ट कारणासाठी. सार्वकालिक जीवनाचे तुकडे होत नाहीत. ते कोणाला अर्धे आणि कोणाला पूर्ण देता येत नाही, म्हणून तेथे सर्व समान होतात. त्याच प्रवचनात तो श्रोत्यांना बजावतो की अकराव्या तासालाही, म्हणजे संध्याकाळी पाचलाही, दिनार मिळतो म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. नऊ वाजता बोलावलेल्यांनी 'थांबा, आम्ही बारा वाजता येतो' असे म्हटले नव्हते.

क्रिसोस्तोम या आणखी एका जुन्या आचार्याचा इशाराही येथे उपयोगी पडेल. तो म्हणतो की दाखल्यातील प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचा अर्थ खणत बसू नये. दाखला कशासाठी सांगितला ते ओळखावे आणि तेथे थांबावे. आता हा दाखला कशासाठी सांगितला? एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून जातो आणि पेत्र विचारतो, "आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो आहोत, तर आम्हांला काय मिळणार?" त्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा हा भाग आहे. दाखल्यानंतर लगेच जब्दीच्या मुलांची, म्हणजे दोन शिष्यांची, आई त्यांच्यासाठी येशूच्या उजवी-डावीकडची आसने मागते. अलीकडे मानाची अपेक्षा, पलीकडे मानाची अपेक्षा, आणि मध्ये हा दाखला. म्हणून तो आधी शिष्यांसाठी आहे, मळ्याच्या धन्यांसाठी नंतर. हा क्रम उलटला, तर कृपेचा नियम होईल आणि नियमाची पुन्हा हजेरीवही होईल, अशी मला भीती वाटते.

तासगावचा बागायतदार

मी ख्रिस्ती नाही, पण माझी बाग आहे आणि हा दाखला मला शाळेत असताना एका मित्राने सांगितला होता. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या धन्याच्या मळ्यात कोण आले असेल? ऑक्टोबर छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट त्याच वेळी लावावी लागते, पुढे डिपिंगचे, म्हणजे घड औषधात बुडवण्याचे, दिवस ठरलेले असतात आणि काढणीला आलेल्या मालावर ढग आले तर एका दिवसात वर्षाचे पैसे जातात. अशा वेळी माणसे पहाटे हवी असतात. पाचला येणाऱ्यालाही तेवढाच रोज मिळतो हे एकदा कळले, तर सगळी टोळी पाचलाच येईल. त्यातून तोटा होईल तो पहिल्यांदा मजुरांचाच, कारण बागच राहिली नाही तर रोजही राहणार नाही. मी हे कुत्सितपणे विचारत नाही. मला खरोखर उत्तर हवे आहे.

माळावरची बोर (मिरज)

बागायतदार दादांच्या प्रश्नाचे उत्तर कृष्णाकाठ देतीलच. मला बाराव्या वचनाकडे लक्ष वेधायचे आहे. पहाटेच्या मजुरांची तक्रार शब्दशः काय आहे ते पाहावे. 'आम्हांला कमी दिले' असे ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, 'या शेवटच्यांनी एकच तास काम केले आणि तुम्ही त्यांना आमच्या बरोबरीचे केले. आम्ही दिवसभराचा भार आणि ऊन सोसले.' ग्रीकमध्ये 'इसूस' हा शब्द आहे, म्हणजे समान, बरोबरीचे. दुःख रकमेचे नाही, बरोबरीचे आहे.

हे वाक्य मी बागेत ऐकले आहे, म्हणून मला ते ओळखता येते. आमच्या भागात गड्याची हजेरी वेगळी आणि बाईची वेगळी. एका ओळीत एका बाजूने गडी, दुसऱ्या बाजूने बाई. दोघांच्या हातात कात्री तीच, घड तेच, ऊन तेच. एका वर्षी मजूर मिळत नव्हते तेव्हा एका शेतकऱ्याने दोघांना सारखी हजेरी दिली. गड्यांचा रोज एका रुपयानेही कमी झाला नव्हता. तरी संध्याकाळी कुरकुर झाली ती 'बायकांना आमच्या बरोबरीला बसवले' अशीच. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि त्या बायकांत माझी आई होती. म्हणून बारावे वचन माझ्यासाठी दाखल्याचे मर्म आहे, आणि ते केवळ स्वर्गाविषयी आहे असे मला कोणी सांगितले तर मला ते मान्य होणार नाही.

आणखी एक निरीक्षण. तेराव्या वचनात धनी त्या तक्रार करणाऱ्याला 'मित्रा' म्हणतो. हा 'हेताइरे' शब्द नव्या करारात मत्तयातच आणि तीनच ठिकाणी संबोधन म्हणून येतो: येथे, लग्नाच्या वस्त्रावाचून आलेल्या पाहुण्याला बाविसाव्या अध्यायात, आणि गेथशेमाने बागेत येशूला धरून देणाऱ्या यहूदाला. तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस चुकलेला आहे. हा शब्द जवळिकीचा आहे की अंतर राखणारा, हे मला नीट ठरवता आलेले नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

बोरताई, मी बाग पिकवतो आणि आमच्याकडेही दोन हजेऱ्या आहेत. याहून अधिक आता लिहीत नाही. आधी घरात बोलेन.

बागायतदार दादा, तुमचा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. मला तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की पाचला आलेली माणसे पाचला कामावर येण्याचा बेत करून आली नव्हती. त्यांच्याशी काही ठरलेच नव्हते. पहाटेच्यांशी दिनार ठरला, नऊच्यांना 'योग्य ते' म्हटले गेले, आणि पाचच्यांना उताऱ्याच्या जुन्या प्रतींत नुसते 'जा' आहे. ज्याच्याशी काही ठरलेले नसते, तो भाव पाहून येत नाही. दुसरी अशी की धनी स्वतः पाच वेळा बाजारात जातो. त्याच्याकडे कारभारी आहे हे आठव्या वचनात कळते, तरी माणसे आणायला तो कारभाऱ्याला पाठवत नाही. मजुरांची गरज होती म्हणून तो गेला असे म्हणावे, तर दिवसाचा एकच तास उरला असताना कोणता बागायतदार माणसे शोधायला जाईल? त्याला मळ्याची चिंता होती त्याहून जास्त नाक्याची असावी, असे मला वाटते. तिसरी गोष्ट ही की दाखला एका दिवसाचा आहे आणि येशू दुसरा दिवस सांगत नाही. त्यावरून मजुरीचा कायदा करता येणार नाही, हे अजिंक्यतारा सरांचे म्हणणे मी मान्य करतो. परंतु कायदा करता येत नाही म्हणून त्यातील मजूर हे मजूरच नाहीत, केवळ आत्म्यांची चिन्हे आहेत, असेही म्हणता येत नाही.

ग्रेगरी आणि ऑगस्टीन यांचा अर्थ मी सोडलेला नाही. ऑगस्टीन म्हणतो की दिनाराचे तुकडे होत नाहीत. भाकरीचेही एका मर्यादेपलीकडे तुकडे होत नाहीत. त्यानंतर ते फक्त उपाशी राहणे असते.

हस्तलिखित (सांगली)

मी काही वर्षे ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयात शिकलो आहे, त्या आधारे दोन मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा 'कुरकुर' या शब्दाचा. अकराव्या वचनातील क्रियापद 'गोंग्युझो' आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात निर्गमाच्या सोळाव्या आणि सतराव्या अध्यायांत इस्राएल लोक रानात मोशेविरुद्ध कुरकुर करतात, तेथे याच धातूचे शब्द आहेत. सोळावा अध्याय मान्न्याचा, म्हणजे रानात देवाने रोज दिलेल्या अन्नाचा आहे. प्रत्येकाने ओमर (एक माप) भर गोळा करायचे. मोजले तेव्हा ज्याने फार गोळा केले त्याचे जास्त भरले नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. एका दिवसाची भाकर, सर्वांना सारखे माप, जास्त राबलेल्या हातालाही तेवढेच. मत्तयाच्या पहिल्या श्रोत्यांना ही कथा पाठ होती. पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात गरीब मंडळीसाठी वर्गणी मागताना मान्न्याचे हेच वाक्य उद्धृत केले आहे. तेव्हा कृष्णाकाठ यांनी दिनार आणि भाकर यांची जोड लावली, ती बाहेरून आणलेली नाही. ती शास्त्राच्या आतच आहे.

दुसरा मुद्दा इशाऱ्याचा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. या दाखल्यात पहाटेचे मजूर म्हणजे यहूदी आणि पाचचे मजूर म्हणजे आपण विदेशी (यहूदी नसलेले), असा अर्थ शतकानुशतके सांगितला गेला, आणि त्यातून 'यहूदी धर्म हिशेबाचा, आपला कृपेचा' असे सोपे समीकरण झाले. विसाव्या शतकात योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकानेही असा विरोध मांडला. त्यासाठी त्याने यरुशलेमी तालमुदातील एक दाखला शेजारी ठेवला. रब्बी बून बार हिय्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारले तेव्हा रब्बी झैरा यांनी सांगितले की एका राजाने मजूर लावले, त्यातील एक फार कुशल होता, राजा त्याला दोन तासांनंतर बरोबर घेऊन फिरत राहिला आणि संध्याकाळी त्याला पूर्ण मजुरी दिली. इतरांनी तक्रार केली तेव्हा राजा म्हणाला की तुम्ही दिवसभरात केले नाही तेवढे याने दोन तासांत केले. येरेमियासला यात कर्तबगारी दिसली आणि येशूच्या दाखल्यात कृपा. परंतु तो दाखला तरुण वयात वारलेल्या रब्बींच्या अंत्यप्रसंगी सांगितलेला आहे. मागे राहिलेल्यांचे सांत्वन करताना 'त्याचे थोडे आयुष्य पूर्ण होते' असे म्हणणे ही हिशेबाची भाषा नव्हे. लेवीय आणि अनुवादातील ज्या आज्ञांमुळे त्या धन्याने संध्याकाळी मजुरी दिली, त्या आज्ञा यहूद्यांच्याच आहेत. शिवाय पहाटेच्या मजुरांना मळ्यातून हाकलले असे दाखला म्हणत नाही. त्यांचा दिनार त्यांच्या हातात आहे.

वाचक-इस्लामपूर

एक छोटी शंका. आमच्या घरच्या एका जुन्या इंग्रजी प्रतीत सोळाव्या वचनाच्या शेवटी 'बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडे' असे वाक्य आहे आणि नव्या प्रतीत नाही. कोणते खरे मानावे?

हस्तलिखित (सांगली)

ते वाक्य चौथ्या शतकातील सायनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत या ठिकाणी नाही. मत्तय २२:१४ येथे ते आहेच, आणि तेथून ते नकलनविसांच्या हातून येथे आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दाखल्याला ते शोभतही नाही, कारण येथे बोलावलेल्यांपैकी एकालाही परत पाठवलेले नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

मान्न्याचा संदर्भ माझ्या लक्षात आला नव्हता. त्यामुळे माझे मत थोडे बदलले आहे, हे नमूद करतो.

पंधराव्या वचनाच्या मराठीविषयी विचारायचे आहे. मुळात 'तुझा डोळा वाईट आहे काय, कारण मी चांगला आहे?' अशी रचना आहे. मराठीत वाईट डोळा म्हटले की दृष्ट लागणे मनात येते, लिंबू-मिरची मनात येते, आणि अर्थ भलतीकडे जातो. हिब्रूमध्ये वाईट डोळा म्हणजे कंजूषपणा आणि दुसऱ्याचे बरे न पाहवणे. अनुवाद १५:९ मध्ये तोच शब्दप्रयोग आहे: कर्जमाफीचे सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाकडे वाईट डोळ्याने पाहू नकोस. मला वाटते, 'मी चांगला आहे हे तुझ्या डोळ्यांत खुपते काय?' असे म्हटले तर मराठी माणसाला ते पहिल्याच वेळी समजेल. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते साध्या बायकांना स्वतः वाचून कळावे म्हणून. १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते छापून पूर्ण झाले. त्या दृष्टीने आपण प्रत्येक वचनाला विचारले पाहिजे की नाक्यावर उभी असलेली बाई हे वाक्य ऐकून काय समजेल.

साताऱ्याचा म्हणून आणखी एक आठवण. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे काम आणि त्याचे वेतन सोडले आणि येथे साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. पहाटे आलेल्या मंडळींना ते सहज पचले नसणार, असे मला हा दाखला वाचताना वाटते.

पंढरीची वाट

मी वारकरी घरातला आहे, ख्रिस्ती शास्त्राचा अभ्यास नाही. पण हा दाखला एका वेगळ्या वाटेने आपल्या देशात येऊन गेला आहे, ते सांगावेसे वाटते. जॉन रस्किनने १८६० मध्ये अर्थशास्त्रावर निबंध लिहिले, त्यांना त्याने याच दाखल्यातील चौदाव्या वचनाचे शब्द शीर्षक म्हणून दिले: 'या शेवटच्यालाही'. गांधीजींनी ते पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना रेल्वेत वाचले, आणि रात्रभर झोप लागली नाही असे आत्मकथेत लिहिले. वकिलाच्या कामाची आणि न्हाव्याच्या कामाची किंमत सारखीच, हा त्यांनी त्यातून घेतलेला एक धडा. फिनिक्स येथे वसाहत उभी राहिली, तेव्हा तेथे राबणाऱ्या प्रत्येकाला सारखेच निर्वाहवेतन असावे असे ठरले. पुढे १९०८ मध्ये त्यांनी त्या पुस्तकाचे सार गुजरातीत लिहिले आणि त्याला 'सर्वोदय' हे नाव दिले. विनोबांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेल्या शब्दाच्या मुळाशी संध्याकाळी पाचचा हा मजूर उभा आहे. म्हणून बागायतदार दादांना माझे सांगणे एवढेच की या दाखल्याप्रमाणे मजुरी देऊन पाहिलेली माणसे होऊन गेली आहेत.

माळावरची बोर (मिरज)

एका गोष्टीवर अजून कोणी बोलले नाही. पंधराव्या वचनात धनी म्हणतो, 'जे माझे आहे त्याचे मी माझ्या मर्जीप्रमाणे करू नये काय?' काही आधुनिक अभ्यासकांना हा धनी देव वाटतच नाही. त्यांना तो रोजंदारीवर माणसे राबवणारा मोठा जमीनदार वाटतो, आणि 'माझे' हा शब्द त्यांना खटकतो, कारण लेवीय २५:२३ मध्ये परमेश्वर म्हणतो की जमीन माझी आहे. मी त्यांच्याइतकी पुढे जाणार नाही, कारण पहिल्याच वचनात स्वर्गाचे राज्य या धन्यासारखे आहे असे येशू म्हणतो. पण आपल्यापैकी ज्यांची बाग आहे त्यांनी 'माझे' हा शब्द धन्याच्या तोंडून घेऊन स्वतःच्या तोंडी घालू नये, असे मला वाटते. तो शब्द तेथे देण्यासाठी वापरला आहे. आपण तो बहुतेक वेळा न देण्यासाठी वापरतो.

तासगावचा बागायतदार

ताई, हे मी वाचले. माझ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळाले असे म्हणणार नाही. ढग आल्यावर मला माणसे पहाटेच लागणार. पण धनी पाचव्यांदा बाजारात स्वतः गेला, हे मी कधी ऐकलेच नव्हते. माझ्या मित्राने सांगितलेल्या गोष्टीत तो फक्त पैसे वाटताना दिसत होता.

कृष्णाकाठ (सांगली)

काल पुन्हा गुरुवार होता. या धाग्यावरची मान्न्याची आणि 'बरोबरीचे' या शब्दाची चर्चा मी मंडळीत वाचून दाखवली. अजिंक्यतारा सरांचे 'डोळ्यांत खुपते काय' हे सर्वांना एकदम कळले. त्यावर पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

एसटी चुकलेल्या बाईंचा राहिलेला अर्धा रोज मी परवा त्यांच्या घरी जाऊन दिला. त्यांनी तो घेण्याआधी विचारले, "आता कशाचा?" मला सांगता आले नाही, तेव्हा मी एवढेच म्हणालो की तो त्या दिवशीच द्यायला हवा होता. दोन हजेऱ्यांविषयी घरात बोलणे सुरू आहे. भावाचे म्हणणे असे की गावात आपण एकट्यानेच तसे केले तर शेजारच्या बागांना त्रास होईल. हा वाद अजून मिटलेला नाही.

आजींनी काल पुन्हा एक प्रश्न विचारला, आणि त्यासाठी मी हा प्रतिसाद लिहीत आहे. त्या म्हणाल्या, "पहाटेच्यांनी तो रोज घेतला का टाकला?" मी घरी येऊन पाहिले. अकराव्या वचनात 'तो घेतल्यावर ते कुरकुर करू लागले' असे आहे, म्हणजे हातात तर घेतला. पण चौदाव्या वचनात धनी जे क्रियापद वापरतो, त्याचा अर्थ 'उचल' असा होतो: तुझे आहे ते उचल आणि जा. हातातल्या नाण्याला कोणी 'उचल' म्हणत नाही. त्यांनी ते रागाने खाली ठेवले असेल काय? हस्तलिखित सर, या क्रियापदावर इतका भार देता येईल का, ते कृपया सांगावे. आजींना पुढच्या गुरुवारी उत्तर द्यायचे आहे.

हस्तलिखित (सांगली)

'आइरो' या क्रियापदाचा मूळ अर्थ उचलणे हाच आहे, परंतु 'घेऊन जाणे' या साध्या अर्थानेही ते नव्या करारात अनेकदा येते. त्यामुळे नाणे जमिनीवर पडले होते असे त्यावरून सिद्ध करता येणार नाही, आणि तसे मुळीच नव्हते असेही सिद्ध करता येणार नाही. दाखला धन्याच्या प्रश्नावर थांबतो आणि त्या मजुराचे उत्तर मत्तयाने लिहिलेले नाही. आजींना मी असेच सांगेन.